थावराच्या तोंडातली काडी

मेहबूब,

तुला मातीत ठेवून आज सतरा दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांना काही तू सात महिने कळमनुरीच्या सडकेवर घोड्यासारखं पळवलं नव्हतंस.

बाजारात सध्या तुझं नाव निघालं की सगळे गोडच बोलतात. नालबंद असावा तर असा. हात इतका हलका की खिळा कधी जिवंत नखात गेला नाही, आणि लाथाळ बैलसुद्धा मेहबूबच्या दुकानासमोर आला की गरीब गाय व्हायचा. मीही मान हलवतो. खोटं तर त्यात काहीच नाही. पण मान हलवताना माझ्या मनात एकच प्रश्न असतो, की त्या दसऱ्याच्या शर्यतीसाठी तू मला तयार करत होतास, की मला पुढं घालून दुसऱ्याच कुणाला? अडीच वर्षं मी हे तुला विचारलं नाही. रोज शाळेत जाताना तुझ्या दुकानासमोर आलो की मान वळवायची, एवढंच केलं. आता विचारायला तू नाहीस, म्हणून कागदावर विचारतो. मास्तर माणूस, दुसरं काय करणार?

सुरुवात तूच केलीस, हे आधी लिहून ठेवतो. दुसरी मोठी लढाई संपली त्या सालची होळी. हिंगोलीच्या एका जिनिंगवाल्या शेठनं दवंडी पिटवली होती, की येत्या दसऱ्याला सकाळी कळमनुरीच्या चावडीपासून हिंगोलीच्या मैदानापर्यंत माणसांची शर्यत होईल. सहा कोस. पहिल्याला जरीचा फेटा आणि वाजतगाजत मिरवणूक. चावडीसमोर माणसं बसली होती आणि आपल्या गावातून कोण पळणार यावर चेष्टा चालली होती. कुणीतरी म्हणालं, "आपले मास्तर हायेत की! शाळंची घंटा झाल्यावर कसे पळतेत." सगळे हसले. मीही हसलो. बत्तीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापानं अशा वेळी हसण्यापलीकडे काय करायचं असतं? तू मात्र हसला नाहीस. तू माझ्या पायांकडे पाहिलंस. तुझी ती खोडच होती, माणूस भेटला की आधी पाय बघायचे, मग तोंड.

"पळंल," तू म्हणालास. "गोंद्या पळंल. मी पळवतो त्याला."

मी तुला वडाच्या मागं ओढलं. "चारचौघांत काहून माझी अब्रू घालवून राहिला?"

"अब्रू न्हाई घालवून राहिलो. ल्हानपनी वढ्याच्या पल्याड पैला कोन जायचा? तू का मी?"

"तू."

"झूट. तूच जायचा. पर आता इसरला."

मी खरंच विसरलो होतो. मला वाटायचं, लहानपणी सगळ्यात तूच पुढं असायचास. ओढ्याच्या पलीकडे मी पहिला पोचायचो, ही गोष्ट माझ्यापेक्षा तुझ्या जास्त लक्षात होती. त्या एका वाक्यावर मी तयार झालो. आता वाटतं, मला कशानं तयार करता येतं हे तुला तेव्हाच पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज आटोपून तू दारात हजर. मला ओसरीवर बसवलंस, पोटऱ्या दाबल्यास, तळवे उलटे करून पाहिलेस आणि मग, माझ्या बायकोदेखत, माझा जबडा धरून दात पाहायला लागलास. यमुना चुलीपासून उठून आली. म्हणाली, "त्यांचं वय मी सांगते ना मेहबूबभाई, दात कशाला बघता?" तू शरमलास. पण दात पाहिलेसच.

आणि मग ती काडी. कडुनिंबाची, बोटभर जाड, वीतभर लांब. ती दातांत आडवी धरून पळायचं, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं आणि श्वास नाकानंच घ्यावा लागतो. "हा तुझा लगाम," तू म्हणालास. मी तुला आठवण करून दिली की मी शाळामास्तर आहे, टांग्याचं घोडं नाही. त्यावर तू म्हणालास की घोडं इतकं बोलत नाही. पहाटे सडकेवर येणारे-जाणारे विचारायचे, "मेहबूबभाई, मास्तरला चारा घातला का?" शाळेत पोरं खडू दातांत आडवा धरून माझी नक्कल करायची, मी पाठमोरा असलो तरी मला कळायचं. सात महिने मी ते सोसलं. का सोसलं, तर साऱ्या मुलखात अशी काडी धरून पळणारा मी एकटा आहे, आणि ती विद्या मेहबूबनं फक्त मला दिली आहे, या घमेंडीवर.

पाडव्यापासून दर महिन्याचा ठराव ठरला. बैलाचं खूर दुभंगलेलं असतं, म्हणून एका खुराला दोन पत्र्या ठोकाव्या लागतात, हे मी तुझ्याच दुकानात शिकलो. महिन्याच्या पहिल्या दिवशी तू हिंगोलीच्या सडकेवरच्या एखाद्या झाडाला एक झिजलेली पत्री ठोकायचास. या महिन्यात इथवर जायचं आणि न थांबता परत यायचं, तेही दुकानाच्या फळीवर ऊन पडायच्या आत. चैत्रात पत्री अर्ध्या कोसावर होती. पहिल्या दिवशी मी तिथं पोचलो आणि झाडाला मिठी मारून ओकलो. तू तट्टावर बसून शांतपणे म्हणालास, "झाड न्हाई पळून जानार. सोड त्याला." महिना संपेपर्यंत ते अंतर मी गुणगुणत पार करायला लागलो. काडी तोंडात असताना गुणगुणता येतं, हा माझा शोध.

मी एकदा विचारलंही होतं, "जोडीतली दुसरी पत्री कुठंय?"

"गंजली," तू म्हणालास.

वैशाखात एक कोस. ज्येष्ठात मला वाटलं सव्वा कोस करशील, तर तू पत्री ठोकलीस पावणेदोन कोसांवर, एका बाभळीला. मी भांडलो. तू म्हणालास, "येवढं जमतं." मी म्हटलं, तुला कसं ठाऊक? तू माझ्या घोट्याकडे बोट करून म्हणालास, "जनावराच्या पायाकडं पाहून कळतं." मेहबूब, त्या वाक्यानं मी आठ दिवस फुगून चालत होतो. माझ्या पायांत काहीतरी आहे, जे मला दिसत नाही आणि तुला दिसतं. आणि जमलं, हेही सांगायला हवं. ज्येष्ठ संपता संपता त्या बाभळीपर्यंत जाऊन मी उन्हाच्या आत परत आलो.

आषाढात सडकेचा चिखल झाला, काळी माती पायाला शेर शेर धरायची. तू पत्री पुढं नेली नाहीस, म्हणालास तेवढंच पळ, पण चिखलात. आठवड्यातले दोन दिवस तू नसायचास. जवळा बाजारच्या बाजाराला बैलांना पत्र्या ठोकायला जायचास, तट्टावर ऐरण आणि पोतं टाकून. "तिकडचे बैल लई झिजतेत," असं म्हणायचास. त्या दोन दिवसांत मी एकटा पळायचो आणि तू आलास की खरं खरं सांगायचो. एक दिवस आळस केला तर तोही सांगितला. मी तुझ्याशी एकदाही खोटं बोललो नाही, हे मला तुला ऐकवायचं आहे.

त्या साली श्रावण आणि रमजान एकाच चंद्राला लागले. माझे सोमवार, शनिवार. तुझे तर तीसही दिवस. मी म्हटलं, या महिन्यात पत्री मागं घे, पोटात काही नसतं. तू रोजा धरलेला, ओठ सुकलेले, तरी पहाटे तट्टावर माझ्या मागं असायचास. म्हणालास, "तू फराळ करतो, साबुदाना खातो. मी थुंकीबी गिळत न्हाई. तकलीफ कोनाला हाय, बोल." पत्री दोन कोसांवर गेली. एका सोमवारी परत येताना माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी खाली बसलो. तू तट्टावरून उतरलास, मला तट्टावर बसवलंस आणि लगाम धरून सबंध कोसभर पायी चालत आलास, रोज्यात, भर दमट हवेत. गावाच्या अलीकडे मला उतरवलंस. म्हणालास, "आता पळत जा. लोकान्नी पाहिलं पायजे." हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यमुनेलाही नाही.

भाद्रपदात तीन कोस जाऊन तीन कोस परत, म्हणजे शर्यतीएवढं सगळं. ते ज्या दिवशी पार पडलं, त्या दिवशी मी शाळेत बसलो होतो आणि मांड्या थरथरत होत्या आणि मला विनाकारण आनंद होत होता. वर्गात माझं ऐकणारी चाळीस पोरं होती, पण माझ्याच देहानं माझं ऐकावं हे सुख मला तोवर ठाऊक नव्हतं. ते तू दिलंस. कितीही रागावलो तरी हे मला नाकारता येत नाही आणि त्यामुळे राग आणखी वाढतो.

दसऱ्याच्या पहाटे तू तट्टावरून पुढं हिंगोलीला गेलास. जाताना म्हणालास, "मी मैदानाच्या तोंडाशी उभा ऱ्हातो. माजं तोंड दिसलं की काडी थुंक आन् सूट. त्याच्या आधी न्हाई. कोनी बी पुढं जाऊ दे, त्याच्या आधी सुटायचं न्हाई." मी होकार दिला.

चावडीसमोर आम्ही अकरा जण होतो. दोन पोलीस, एक पैलवान, बाकी इकडचे-तिकडचे. ढोल वाजला आणि सगळे असे उधळले की जणू हिंगोली पुढच्या वळणावर आहे. मी तू सांगितलं तसं मागं राहिलो. पहिल्या दोन कोसांत आठ जण माझ्या पुढं होते. तिसऱ्या कोसाला पैलवान सडकेच्या कडेला आडवा झालेला दिसला. पोलीस चालायला लागले होते. चौथा कोस संपताना माझ्या पुढं एकच माणूस उरला. काळा, सडपातळ, अनवाणी, डोक्याला लाल पटका. पाय टाकायची त्याची पद्धत मला ओळखीची वाटत होती, पण कुणाची ते सुचेना. मी हळूहळू त्याला गाठलं, बाजूला आलो आणि सहज त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या दातांत कडुनिंबाची काडी होती. आडवी.

माझ्या तोंडातून माझी काडी पडली. पळता पळताच मी ओरडलो, "ही काडी कोणी दिली?"

त्यानं जिभेनं काडी गालात सारली. "मेहबूबभाईनं," म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून हसला.

मला ते हसणं झोंबलं. त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीतच आहे. दीड कोस बाकी असताना मी सुटलो. काडी नाही, श्वासाचा हिशेब नाही, नुसता पळत सुटलो. तुझी सात महिन्यांची शिकवण मी त्या एका कोसात मातीत घातली. त्याला मी पार मागं टाकलं, इतकं की वळून पाहिलं तर नुसता लाल ठिपका दिसत होता. आणि मैदान अर्ध्या कोसावर असताना माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या. सडकेच्या कडेला खडीचा ढीग होता, त्यावर मी बसलो तो बसलोच. लाल पटका आला. माझ्यापाशी त्याचा वेग कमी झाला, त्यानं हात पुढं केला. म्हणाला, "उठा मास्तर." मी त्याचा हात झटकला. तो गेला.

मग तू आलास, पायताणं हातात घेऊन, मैदानाकडून उलटा पळत. लहानपणानंतर तू पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. धापा टाकत म्हणालास, "काहून सुटला इतक्या लवकर?"

"तो कोण?"

"थावरा. जवळा बाजारच्या वाटंवर तांडा हाय, तिथला."

"त्याला तू शिकवलं?"

"व्हय."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगनार व्हतो. शर्यत झाल्यावर."

"झाली शर्यत," मी म्हणालो.

तू माझ्या पोटरीला हात लावायला वाकलास. गोळा आला होता, तो तुला दिसला असणार. मी पाय ओढून घेतला. म्हणालो, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको."

तू तिथंच उकिडवा बसून राहिलास. मैदानात हलगी वाजायला लागली होती. थावराला फेटा बांधत होते. तुझ्या एका चेल्यानं साऱ्या तालुक्याला मागं टाकलं होतं आणि तू तिथं नव्हतास, तू खडीच्या ढिगापाशी माझ्या शेजारी धुळीत बसला होतास. हे माझ्या ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा मला एवढंच वाटलं, की आता चोरी उघडी पडल्यावर मनधरणी करायला आला आहे.

दसऱ्याच्या संध्याकाळी दरवर्षी मी पहिलं सोनं तुझ्या दुकानात आणून द्यायचो. तू आपट्याची ती पानं ऐरणीवर ठेवायचास आणि राबियाभाभी शेवया पुढं करायच्या. त्या संध्याकाळी मी लंगडत सारं गाव हिंडलो, सगळ्यांना सोनं दिलं, तुझी गल्ली तेवढी सोडली. पुढच्या दसऱ्यालाही सोडली. त्याच्या पुढच्यालाही.

त्या थंडीत शाळेच्या कामानं मला जवळा बाजारला जावं लागलं. बैलगाडीत बसून झाडं पाहत होतो. तांड्याकडची वाट फुटते तिथून पुढं, अर्ध्या कोसावर एका लिंबाला एक झिजलेली पत्री ठोकलेली होती. मग कोसावर एक. मग पावणेदोन कोसांवर, बाभळीला. मी गाडीवानाला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून ती हातानं चाचपून पाहिली. म्हणजे तू माझ्या घोट्याकडे पाहून काही ओळखलं नव्हतंस. थावरा आधीच तेवढं पळाला होता, म्हणून तू मला तेवढं सांगत होतास. ज्या वाक्यावर मी आठ दिवस फुगून चाललो, तेही त्याचं होतं. गाडीवान म्हणाला, "काय हरवलं का मास्तर?" मी गाडीत चढून बसलो.

पळणं मी सोडलं. त्या दसऱ्यापासून एक पाऊल पळालो नाही. पोट सुटलं. पाऊस आला तरी शाळेतून चालतच घरी येतो. यमुना एकदा म्हणाली, "राग त्याच्यावर आहे ना, मग पायांवर कशाला काढता?" मी तिच्यावरही खेकसलो.

मग गावातलं वारं बदललं. गेल्या वर्षापासून कसे दिवस आले आहेत हे तुला सांगायला नको. चावडीवर एकत्र बसणारी माणसं आता दोन ठिकाणी बसतात. आपण बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते आता लोकांना कौतुकाचं वाटू लागलं. एक जण मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही बराबर केलं. तुम्ही आधीच वळखलं त्या लोकान्ला." मला सांगायला हवं होतं, की बाबा रे, आमचं भांडण एका काडीवरून आहे, त्याला तुझ्या असल्या कामासाठी वापरू नको. मी नुसता घसा खाकरला आणि निघून आलो. तुझ्याकडच्या लोकांनीही तुला असंच काही ऐकवलं असेल. तू काय म्हणालास, ते मला कळलं नाही. माझ्यासारखा गप्प बसला नसशील, एवढं मला वाटतं. मेहबूब, तू मला फसवलंस हे मी सतरा वेळा म्हणेन, पण त्या दिवशी मी तुला फसवलं.

आणि मग राबियाभाभी शाळेत आल्या. भर दुपारी, उन्हात, बुरख्याचं टोक दातांत धरून. वर्गाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, चला. त्यांचं तोंड उघडंना." आठ दिवसांपूर्वी एका बैलाच्या पत्रीचा खिळा तुझ्या तळहातात गेला होता. साऱ्या जन्मात दुसऱ्याच्या नखात खिळा जाऊ दिला नाहीस आणि तो स्वतःच्या हातात गेला, तर हळद भरून मोकळा झालास. धनुर्वात. दातखीळ बसली होती.

खोलीत अंधार केला होता, कारण उजेडानं आणि आवाजानं तुला झटके येत होते. भाभींनी मला खुणेनं बसायला सांगितलं. मी बसलो. तू शुद्धीवर होतास, पूर्ण शुद्धीवर, हेच सगळ्यात वाईट होतं. मी काय बोलायला आलो होतो, मला ठाऊक नव्हतं. तुला माफ केलं म्हणायला, की तूच आधी माफी माग म्हणायला? मी हळू आवाजात शाळेच्या गळक्या छपराचं काहीतरी सांगत राहिलो. छपराचं, मेहबूब! तुझ्याशी अडीच वर्षांनी बोललो आणि पत्र्याच्या पन्हाळीबद्दल बोललो. तू माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस. खाटेवरून, मान न हलवता, तुझे डोळे माझ्या पायांवर होते. सुजलेले घोटे, फताडे तळवे. त्यांच्याकडे तू खूप वेळ पाहिलंस. मग झटका आला आणि भाभींनी मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तू गेलास.

कबरस्तानात आमच्याकडचं कुणी नव्हतं. मी होतो आणि लाल पटका बांधलेला थावरा होता. तो रातोरात तांड्यावरून चालत आला होता. तुझ्या भावानं आम्हा दोघांना माती द्यायला पुढं बोलावलं. तीन तीन मुठी दिल्या. परत येताना तो माझ्या बाजूनं चालायला लागला आणि मला राहवलं नाही. तुला विचारायचं ते मी त्याला विचारलं.

"मी पळून राहिलो होतो, हे तुला कधी कळलं?"

"पैल्याच दिशी," तो म्हणाला. "चैतात आले व्हते तांड्यावर. मी गाईमागं पळत व्हतो. म्हनले, आमच्या गावात एक मास्तर हाय. जातवान पायाचा हाय, पर एकला हाय. नवं जनावर एकलं शिकत न्हाई, त्याला जोडीला दुसरं लागतं. तू त्याच्या जोडीला पळशील का?"

मी थांबलो. "म्हणजे तुला माझ्यासाठी शोधलं होतं?"

"व्हय. मी जेवढं पळीन तेवढं ते तुमाला सांगनार. त्यान्ला तुमाला पैला आनायचं व्हतं."

"मग शर्यतीत तू काहून पुढं गेला?"

"तुमीच बसले, मास्तर. मंग मी बी बसून ऱ्हाऊ का?"

मला हसू आलं. तुझ्या ओल्या कबरीपासून पन्नास पावलांवर मी हसलो, आणि मग ते हसू कुठं गेलं कुणास ठाऊक, मी सडकेच्या मधोमध उभा राहून पोरासारखा रडलो. थावरा बिचारा पटक्याचं टोक चोळत उभा होता. थोड्या वेळानं मी विचारलं, "तुला सांगितलं, मग मला काहून नाही सांगितलं?"

"मी बी तेच इचारलं त्यान्ला. तर म्हनले, मास्तरला मातूर बोलू नको. आपल्यावानी दुसरा कोनी हाय हे त्याला कळलं, तर तो रुसून बसंल. पळायचंच सोडून देईल."

सतरा दिवस मी या वाक्याशी भांडतो आहे. भांडायला जागा सापडत नाही. तू मला फसवलंस ते मला ओळखून फसवलंस, आणि मी अडीच वर्षं घरात बसून तुझा शब्द खरा केला. तरीही राग जात नाही, आणि का जात नाही ते आज लिहिता लिहिता कळलं. मी रुसणार हे तुला ठाऊक होतं. मग रुसलेला मी दारात पाय ठेवू नको म्हणालो, तर ते तू खरं कसं मानलंस? ज्येष्ठात सव्वा कोसच ठेव म्हटलं तर ऐकलं नाहीस, श्रावणात पत्री मागं घे म्हटलं तर ऐकलं नाहीस. जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं तेवढंच ऐकलंस. मी रोज फजरच्या अजानीला जागा होत होतो, मेहबूब. कडी काढून ठेवत होतो.